टक्केमास्तरांचा काटा

टक्केमास्तरांच्या तोंडून 'थोडंसं', 'बरंचसं' असे शब्द मी कधी ऐकले नाहीत. कालवण कसं झालंय विचारलं तर म्हणायचे, "मीठ दहा टक्के कमी." सत्तरीचं दशक संपत आलं होतं. गिरीजच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. साडेसदतीसचे कोणी अडतीस केले की त्याच्या पेपरावर लाल भोपळा. "आकड्याशी लबाडी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलं पाठीमागे त्यांची नक्कल करायची, आणि खरं सांगायचं तर मीही करायचे.

शेकडेवारी मात्र त्यांच्यासारखी शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अख्खा वर्ग उठवून आपल्या वाडीत घेऊन यायचे. तिथे त्यांची बायको रेजिनाबाई सुकेळी करायची. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची. ओटीच्या तुळईला घड तोलायचा मोठा काटा टांगलेला होता, दोन्ही बाजूंना साखळ्या आणि फळ्या. ओली केळी तोलायची, वाळल्यावर तीच पुन्हा तोलायची आणि घट काढायची. उदाहरण सुटलं की रेजिनाबाई प्रत्येकाच्या हातावर एकेक सुकेळं ठेवायची.

त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा केळी सोलता सोलता तिने माझ्यादेखत विचारलं, "सगळ्याचे टक्के काढता. माझ्यावर माया किती टक्के, ते सांगा की."

मी हसले. मास्तर हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "शंभर कशाला धरायचे ते आधी ठाऊक हवं. पूर्ण किती तेच माहीत नाही, तर टक्का कसा काढू?"

उत्तर गणिताला धरून होतं. ती पुन्हा केळी सोलायला लागली, पण त्या दिवशी माझ्याशीही बोलली नाही. मला मास्तरांचा राग आला आणि तो बरेच दिवस गेला नाही.

पुढच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि दर रविवारी देवळात मिस्साची प्रार्थना आटोपली की मास्तर तिला त्याच काट्यावर बसवू लागले. मी पाठीला हात देऊन उभी राहायची. चार टक्के घट, मग सहा, मग नऊ. आकडा ऐकला की तिचा चेहरा उतरायचा, त्या दिवशी ती पेजही घ्यायची नाही. मग घट नऊवर थांबली. महिना झाला तरी नऊच. मास्तर खणखणीत आवाजात आकडा सांगायचे, ती पेज प्यायची, आणि माझ्या हाताला मात्र तिची हाडं दर रविवारी जास्तच लागायची.

एका रविवारी मास्तर देवळातून यायचे होते. तिने मला दुसऱ्या फळीवरची वजनं उतरवायला सांगितली. रिकामा काटा सरळ राहायला हवा होता, पण तिची फळी खाली गेली. मी वाकून पाहिलं. फळीच्या बुडाला लोखंडाचे तुकडे तारेने घट्ट बांधलेले होते.

"वीस वर्षं ह्याच काट्यावर केळी तोलली बाय, मला कळणार नाही?" ती म्हणाली. "मी झिजते तेवढं ते बांधतात. मी विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आहे हे. त्यांना सांगू नको. मला कळलंय म्हटल्यावर काढून टाकतील."

मी तिला शब्द दिला. नाताळाच्या आधी ती गेली.

मास्तरांनी काटा उतरवला नाही. तिची फळी तशीच खाली कललेली राहिली. वर्गाला वाडीत आणणं बंद झालं, आणि कोणी साडेसदतीसचे अडतीस केले तरी ते काही बोलेनासे झाले. निवृत्त झाल्यावर एकदा त्या ओटीवर बसून मला म्हणाले, "तिने आयुष्यात एकच गणित घातलं मला. उत्तर न मिळताच गेली."

मी काट्याकडे बघत राहिले. सगळं अगदी ओठांवर आलं होतं, पण दिलेला शब्द आठवला आणि मी गप्प बसले. ज्या भीतीने तिने तो शब्द घेतला होता, ती भीती तिच्याबरोबरच संपली होती. हे मला कळलं ते मास्तरांच्या शवपेटीवर माती टाकताना.