नव्वद रुपयांचं कॅरेट

आमचं ऑनलाइन दुकान एकूण चार दिवस चाललं. त्यातले पहिले दोन दिवस मी आनंदात होतो.

संत्री भरायच्या प्लास्टिकच्या पेटीला आमच्या शेंदूरजनाघाटात कॅरेट म्हणतात. कॅरेट म्हणजे नुसती पेटी; आत काही असो वा नसो. त्या वर्षी विहिरीने दम सोडला आणि बागेतली निम्म्याहून जास्त झाडं वाळली. ती तोडताना मी रडलो, ते जाऊ द्या. मागे उरली अंगणात रचलेली सत्तर रिकामी कॅरेट. येता-जाता ती दिसली की माझा जीव कातावायचा. शेवटी मुलीच्या, वैशालीच्या, मागे लागून मी जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर जाहिरात टाकली: ‘संत्रा कॅरेट, नव्वद रुपये नग.’

फोटो काढताना बायको आडवी आली. “रिकामं कॅरेट जगाले दाखवता? काईतरी घाला त्याच्यात.” आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, त्यामुळे मला ते पटलं. उरलेल्या झाडांची पिवळीधमक फळं तिने शिगोशीग भरली, वर दोन हिरवी पानं खोचली. फोटो असा आला की मलाच ते कॅरेट विकत घ्यावंसं वाटलं.

ऑर्डरी धडाधड आल्या. जुन्या प्लास्टिकला एवढी मागणी! मी दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघत होतो. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, गोड आहेत ना? (कॅरेट गोड कसं असेल?) मी ‘मजबूत आहेत’ असं कळवलं.

तिसऱ्या दिवशी वैशालीने फोन हातात घेऊन सगळे निरोप वाचले. “बाबा, लोक संत्रे समजून राह्यले. भरेल कॅरेट, नव्वदले!”

बाजारात तेव्हा भरलेलं कॅरेट पाचशेच्या वर होतं.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोनच महिन्यांपूर्वी एका कंपनीने पाण्याची मोटर चुकून साडेपाचशेला लावली होती. मी ती तातडीने मागवली आणि कंपनीने तितक्याच तातडीने ऑर्डर रद्द केली. त्यावर मी त्यांना तीन पानी पत्र लिहिलं होतं. भाव लिहिला म्हणजे शब्द दिला, असं त्यात चार वेळा होतं. ते पत्र मी घरात मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. आणि आता मीच दहा मिनिटांत सतरा ऑर्डरी रद्द केल्या. वाक्यसुद्धा त्या कंपनीचंच उचललं: ‘तांत्रिक चुकीबद्दल क्षमस्व.’

अठराव्या ऑर्डरवर मात्र माझं बोट थांबलं. पंचवीस कॅरेट, अकोला, प्रभाकरराव. म्हणजे वैशालीचे होणारे सासरे! साखरपुडा आठ दिवसांवर आलेला.

मी अंगणात येरझाऱ्या घालू लागलो. बायको म्हणाली, आधी फोन करून विचारा. काय विचारू? मुलगी देतो, पण संत्र्याचा भाव पाळत नाही, असं? खरं सांगून टाका, असं वैशालीचं म्हणणं. पण मुलगा तिला मनापासून आवडला होता, हे मला दिसत होतं. माझ्या एका फोटोपायी तिची सोयरीक मोडली तर मी तिला तोंड कसं दाखवणार होतो? घरच्या झाडांवर जेमतेम चार कॅरेट निघाली. उरलेल्या एकवीस कॅरेटांची फळं मी बाजारातून, पुऱ्या भावाने, दात-ओठ खात घेतली. गाडी भाड्याने केली आणि अकोल्याला निघालो. वाटेत मी तिसऱ्यांदा दोर तपासायला उतरलो तेव्हा ड्रायव्हरही वैतागला.

प्रभाकरराव शेतातूनच आले. हात धुतले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि थांबले.

“इवाई, हे संत्रे कायले भरले?” व्याह्यांनी विचारलं.

“तुमची ऑर्डर होती ना.”

“मी कॅरेट मागवले होते. टमाटे तोडाले आले हायेत माहे.”

अख्ख्या महाराष्ट्रात माझी जाहिरात बरोबर वाचणारा एकच माणूस निघाला, आणि त्याच्याच दारात मी पाचशे किलो संत्री घेऊन उभा होतो! खरं सांगायची हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “घरचेच हायेत. पोरीकडून.”

त्यांचे डोळे भरून आले. बायकोला बाहेर बोलावून ते म्हणाले, “पाह्य, लोक म्हणे ह्यायची बाग गेली. साखरपुड्याले इतके, तं लग्नाले आपल्या सहाशे पाहुण्यायले संत्रे वाटाची चिंताच मिटली.”

रिकाम्या कॅरेटचे नव्वदच्या हिशेबाने पैसे त्यांनी आग्रहाने माझ्या खिशात कोंबले. मी मान डोलवत गाडीत बसलो.

गाव सुटल्यावर ड्रायव्हरने विचारलं, “भाऊ, लग्न कधी धरलं?”

मी म्हणालो, “संत्र्याचा भाव पडला की लगेच.”