तिबिलिसीत खुडलेले शेंडे

टॅक्सी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि आमचे हे बागेत होते. मखमलाबादच्या घरातून निघताना दरवेळी असंच होतं. लग्नाला जायचं असो नाहीतर दवाखान्यात, ह्यांना आधी द्राक्षबागेचा निरोप घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये छाटणी, ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटणी, मधल्या दिवसांत फवारण्या. त्यात बायकोला फिरायला न्यायला फट राहतच नाही. त्या बागेला मी उघडपणे सवत म्हणते. म्हणून यंदा ऑगस्टमध्ये बाग दिरांवर सोपवून जॉर्जिया देशातल्या तिबिलिसी शहरी जायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली.

"चार दिवस द्राक्षाचं नाव काढायचं नाही आणि वेलीला हात लावायचा नाही. लावलात, तर पुढच्या वर्षी मी एकटी जाणार."

"मंजूर," हे म्हणाले. "तिथं डोंगर, नदी, किल्ला. द्राक्षं कुठून येत्यात?"

मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी सहलीचा सगळा बेत आखला होता. जुनं शहर, गंधकाच्या गरम पाण्याची न्हाणीघरं, रोपवे आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ल्यापाशी माझा साडीतला फोटो. त्यासाठी खास येवल्याला जाऊन जांभळी सेमी पैठणी आणली होती. सगळी माहिती काढली होती मी, फक्त त्या शहरात घरोघरी द्राक्षवेल असते एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

जुन्या शहरात टॅक्सी शिरली आणि माझं धाबं दणाणलं. लाकडी नक्षीच्या सज्जांवर वेली, गल्लीवर आडव्या बांधलेल्या तारांवर वेली, एका न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीवरही वेल. वर पिकायला आलेले घड. उपवासाच्या दिवशी भजी तळताना बघावीत, तसे हे खिडकीबाहेर बघत होते.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"नदी चांगली हाय," हे म्हणाले.

आमची खोली एका जुन्या घराच्या चौकात होती. घरमालकीण मनानाबाई साठीच्या, आवाज खणखणीत. "गामार्जोबा (नमस्कार)" म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांची सून नीनो इंग्रजी बोलायची, त्यामुळे आमचं निभावलं. चौकावर एकाच जुन्या वेलीचा मांडव होता आणि खाली लांबलचक टेबल. मनानाबाईंचा सगळा दिवस त्या टेबलापाशी जायचा. चहा तिथे, शेंगा सोलणं तिथे, शेजारणीशी भांडणही तिथेच.

पहिले दोन दिवस ह्यांनी खरंच शब्द पाळला. खाचापुरी (नावेच्या आकाराचा भाजलेला रोट, आत वितळलेलं चीज, वर अंडं) खाताना मिरची मिळेल का म्हणून विचारलं, तेवढंच. बाजारात रंगीत मेणबत्त्यांसारखं काहीतरी टांगलेलं होतं. ते चुर्चखेला, म्हणजे द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवलेली अक्रोडाची माळ. ह्यांनी गुपचूप दोन घेतल्या.

मी नुसतं बघितलं.

"अक्रोड हायेत," हे म्हणाले. "अक्रोडाला बंदी नाय ना?"

तिसऱ्या सकाळी मी साडीला इस्त्री करत असताना चौकातून मनानाबाईंची किंकाळी आली. धावत बाहेर गेले, तर हे टेबलावर उभे आणि खाली हिरव्या शेंड्यांचा नि पानांचा ढीग. आमच्याकडे वेलीचा शेंडा खुडतात, म्हणजे जोर घडात उतरतो. घडाजवळची पानं काढतात, म्हणजे ऊन-वारा लागतो. ह्यांनी अर्धा मांडव तसा अगदी नीटनेटका करून टाकला होता. टेबलावर ऊन रखरखत होतं.

"चहाची वाट बघत बसलो होतो," हे म्हणाले. "एकच शेंडा खुडायचा म्हणलं. पण लय दाटी झाली होती गं."

मनानाबाई बराच वेळ बोलल्या. नीनोने थोडक्यात सांगितलं, "दुपारी आमचे पाहुणे जेवायला येणार आहेत. सासूबाई म्हणतात, द्राक्षं बाजारात मिळतात, सावली कुठे मिळते?"

ह्यांचा चेहरा पडला. घडासाठी वेल, एवढंच ज्याला जन्मभर माहीत, त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपण बागेला बांधतो, तसं करायचं का?"

मला लगेच कळलं. कडक उन्हात घड करपू नयेत म्हणून आम्ही बागेवर जुन्या साड्या बांधतो. इथे माझ्याकडे साडी एकच होती, आणि ती जुनी नव्हती. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. चार दिवस मागितले होते फक्त, त्यातही सवत आडवी आलीच. पण समोर मनानाबाई खाली वाकून एकेक पान मुकाट्याने ओच्यात गोळा करत होत्या. मी आत गेले आणि पैठणी आणली.

ह्यांनी बागेतल्या गाठी मारल्या, मी पदराचं टोक धरलं. टेबलावर जांभळी सावली पडली. त्या खुडलेल्या पानांत भात आणि पुदिना भरून मनानाबाईंनी तोल्मा केला आणि पहिला माझ्या ताटात वाढला. ह्यांना वाढताना आधी वेलीकडे बोट दाखवून दम दिला. पाहुण्यांच्या गप्पांत संध्याकाळ झाली, किल्ला राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना हे साडी सोडायला चढले.

"राहू द्या," मी म्हटलं. "पानं येईपर्यंत लागेल त्यांना."

कसारा घाट चढताना मी आठवण करून दिली, "पुढच्या वर्षी मी एकटी." हे "हो" म्हणाले. सबब सांगितली नाही.

ऑक्टोबरची छाटणी झाली. सगळी बाग बोडकी झाली, पण घराकडची कडेची वेल तशीच होती. तिच्याजवळ बांबू रोवून ह्यांनी आमच्या ओट्यापर्यंत तार ओढली होती.

"ही राहिली का?" मी विचारलं.

"तिला कात्री लावायची नाय. ती तुझ्या चहाच्या खुर्चीवर यायची हाय."

"आणि द्राक्षं?"

"नाय आली तर नाय आली."

ह्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी चहा ठेवायला आत गेले.

आता तिची सावली ताटलीएवढी पडते. मी कप बरोबर त्यात ठेवते. पुढच्या वर्षी एकटी जायचं पक्कं होतं. शब्द म्हणजे शब्द. पण चार दिवस त्या वेलीपाशी ह्यांना एकटं सोडायचं कोणाच्या भरवशावर? दोन तिकिटं काढावी लागणार.