माळवदावरून दिसलेली राखण

भाऊसाहेब गेल्याची बातमी मला गेवराईच्या बाजारात कळली. सांगणाऱ्यानं त्याच दमात विचारलं, "तुमच्या वडलांवर कविता केली ती त्यांनीच ना? मग लिहा की चार शब्द." लिहितो. गेल्या दीड महिन्यात शोकसभा झाल्या, 'मातीचा कवी' म्हणून झालं, बोलणाऱ्यांचे गळे दाटून आले... आता माझेही चार शब्द वाचा. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. उर्दूतून शिकून हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो. मेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलावं, हे मला कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नाही.

चकलांब्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात उंच घर एकच, भाऊसाहेबांचं. त्याच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एक बाज, बाजेवर लोड, उशाशी दौत. नांगरट, पेरणी, खुरपण, मळणी, सगळे हंगाम आणि सगळे शेजारीपाजारी त्यांनी तीस वर्षं त्या बाजेवरून पाहिले आणि वह्याच्या वह्या भरल्या. त्या कविता नीट वाचा. फेटे उडतात, बैलांची शिंगं चमकतात, उफणणाऱ्या बायकांचे हात वर जातात. पण पाय कुणालाच नाहीत. काटा कुणाला रुतत नाही, टाच कुणाची फुटत नाही. आवाज आहे तो पाव्याचा. आमच्या गावात पावा वाजवणारा एकही नव्हता. शिव्या देणारे घरटी दोन होते. एक मान्य करतो. माघातल्या तिन्हीसांजेला शाळूच्या कणसाला जो रंग चढतो, तो त्यांना बरोबर सापडला होता. रंग वरून दिसतो.

माझा बा शाळूची राखण करायचा. चार रानांची राखण त्याच्याकडं, त्यातलं मोठं रान भाऊसाहेबांच्या थोरल्या भावाचं. राखणीबद्दल जे धान्य मिळे, त्यावर आमचं वर्ष निघायचं. एका सकाळी त्याच रानातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर, चढताना शिडीची पायरी निसटली आणि बाचा घोटा टम्म सुजला. गोफण फिरवायची तर उभं राहावं लागतं. बाला उभं राहवेना. म्हणून तो माळ्यावर बसून रॉकेलचा डबा बडवत राहिला, दिवसभर, घसा बसेपर्यंत "हाऽऽ हूऽऽ" ओरडत. वारा उलटा होता, माळवदावर काहीच ऐकू गेलं नाही. भाऊसाहेबांना दिसलं ते एवढंच, की गोफण थांबली, राखणदाराची मान खाली आहे आणि पाखरं कणसांवर उतरलीत. झालं! संध्याकाळपर्यंत 'राखणदाराचं दान' तयार. कवितेतला राखणदार गोफण खाली ठेवतो आणि पाखरांना पोटभर जेवायला बोलावतो.

हुरड्याला बीडहून पाहुणे आले होते, त्यांच्यापुढं ती वाचली गेली. टाळ्या पडल्या. थोरल्यांनीही वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी बाला बोलावून घेतलं. "दान करायचं तर आपल्या रानात कर बे. माझ्या कणसावर पुण्य कावून कमावतो?" मोठ्या घरानं राखणीवरून काढला म्हटल्यावर बाकीच्या तिघांनीही काढला.

बा लंगडत भाऊसाहेबांकडं गेला. मी बरोबर होतो. जिन्याखाली उभं राहूनच बोलायचं, वर जायची आमची रीत नव्हती.

"मालक, माजा पाय मुरगळलता. दिसभर डबा बडवीत व्हतो मी. पाखरं म्या न्हाई बोलावली."

वरून हसणं आलं. "अरे, पाय कशाला घालू कवितेत? तू त्यात केवढा मोठा झालास बघ!"

"मला मोटं करू नका. माजी राखण तेवढी ऱ्हाऊ द्या."

भावाला एक शब्द सांगितला असता तर राखण परत मिळाली असती. पण मग कविता खोटी ठरली असती. ती त्यांनी खरी ठेवली. त्या वर्षीपासून बा राखणीला आष्टीकडं, कडा गावच्या शिवारात जाऊ लागला आणि सुगीभर आम्ही त्याचं तोंड पाहिलं नाही.

हैदराबादेत मला वसतिगृहात जागा मिळाली ती भाऊसाहेबांच्या चिठ्ठीवर. ती बानंच मागायला लावली होती. लपवत नाही. तिथं मराठी मुलं हीच कविता डोळे मिटून म्हणायची. एकदा न राहवून मी उठलो, म्हणालो, "हा राखणदार माझा बाप आहे, आणि हे खोटं आहे." पहिल्या अर्ध्यालाच टाळ्यांचा कडकडाट झाला, पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

पदवी घेऊन आलो तो थेट जिना चढलो. भाऊसाहेब बाजेवर पडूनच होते. म्हणालो, "कवितेखाली एक ओळ लिहा. राखणदाराचा पाय मुरगळला होता."

"तुझ्या बापाला लोक देवमाणूस म्हणतात रे..."

"लांबचे म्हणतात. गावात त्याला कुणी राखण देत नाही."

त्यांनी मान रानाकडं वळवली. मग म्हणाले, "बघतो."

बघतो म्हणाले. जन्मभर तेच केलं.

तेराव्यानंतर त्यांच्या घरून निरोप आला, शिकलेला माणूस म्हणून वह्या चाळून द्या. बासुद्धा बरोबर आला. जन्मात पहिल्यांदा तो त्या माळवदावर चढला. मी ती वही काढली. कवितेखाली काहीच नव्हतं, कोरा कागद. बा बाजेवर टेकला नाही. कठड्याशी उभा राहून शाळूच्या रानाकडं टक लावून पाहत होता.

"आरं, हितून मानसाचा पाय दिसतच न्हाई की," तो म्हणाला. "मंग त्येंचं तरी काय चुकलं?"

"बा, जिना हाय की."

बा वळला. भिंतीला हात लावून उतरायला लागला. तो घोटा नंतर कधी नीट बसलाच नाही, त्यामुळं आधी तो पाय, मग बरा, एकेक पायरी... अकरा पायऱ्या. मी वर वही धरून वाचत उभा होतो. बा खाली पोचला तेव्हा ती कविता माझी अर्धीदेखील वाचून झाली नव्हती.