कोऱ्या कापडाचा फिल्टर

आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला. मोटार चालवणारा मीच पहिला, आणि त्याची मला भारी ऐट होती. माझे मालक भवानी पेठेतले सुताचे व्यापारी. त्यांची मोटार दोन हातांतून फिरून आलेली, जुनी, चढावर खोकणारी.

त्या वर्षी दसरा झाला की मालकांच्या एकुलत्या लेकीला सांगोल्याहून बाळंतपणाला आणायचं ठरलं होतं. पहिलीच खेप. मालक म्हणाले, "वाटंत कुटं अडायला नगं. आदी गाडी नीट करून घे की."

मी इंजिनातलं तेल काढलं. काकवीसारखं काळं. मग फिल्टर उघडला. फिल्टर म्हणजे एक लोखंडी डबा, आत जाळीच्या नळीवर गुंडाळलेलं कापड. आमच्या गाडीत पंपाचं सगळं तेल त्या कापडातून गळूनच इंजिनाला मिळायचं. कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या. नवा फिल्टर मुंबईहून मागवायचा तर पंधरवडा जाणार.

नव्या पेठेच्या मागे एक म्हातारा मिस्त्री बसायचा. मोटारीतलं मला जे काही येत होतं ते त्याचंच. तो म्हणाला, "पुराना धोतर लपेट. नवा कपडा नक्को."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी नुसता हसलो.

घरी वडिलांना सांगितलं तर ते उखडलेच. आम्ही घरात तेलुगू बोलायचो, ते म्हणाले ते मराठीत असं: "उद्या खंडेनवमी. ज्या यंत्राची पूजा करायची त्याच्या पोटात जुनेर घालणार? विणकराच्या पोरानं?" त्यांनी मागावरचं कोरं कापड कापून दिलं, घट्ट विणीचं. धुऊन घेऊ का, असं मी विचारलं. "धुतलं मग ते कोरं कसलं?"

मला तेही पटलं. ताण्याच्या सुताला पिठाची खळ लावतात हे का मला ठाऊक नव्हतं? आमच्या गल्लीत रोज ताणे पसरून खळ लावायचे, तिचा आंबूस वास नाकात घेऊनच मी मोठा झालो. पण न धुतलेल्या कापडात राहिलेल्या त्याच खळीनं त्याची भोकं बुजतात, तेलाला वाट उरत नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. दोन पदर करकचून गुंडाळले, डबा बंद केला, नव्या तेलानं इंजिन भरलं. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. इंजिन सुरू केलं तेव्हा तेलाच्या दाबाचा काटा नेहमीपेक्षा खाली थरथरत होता. नवं तेल आहे, चढेल हळूहळू, असं मी मनाला सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. लेकीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि सुईणीच्या हातून काही होत नव्हतं. मालक, मालकीणबाई आणि शहरातल्या एक डॉक्टरीणबाई असे तिघे गाडीत बसले. मालकीणबाई वाटभर जप करत होत्या.

मंगळवेढं मागे पडलं आणि काटा उतरू लागला. काटा बसला की इंजिन बंद कर, हे मिस्त्रीनं मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. थांबून ते कापड फाडून फेकलं असतं तर अर्धा तास गेला असता, फार तर. मी हळूच म्हटलं, "मालक, जरा थांबून बघू का?"

"आता न्हाय. हाण तू."

कारण सांगितलं असतं तर ते थांबले असते. पण चोराच्या मनात चांदणं. का थांबलास, काय घातलंस, कुणी दिलं, हे सगळं बोलावं लागलं असतं. मी गप्प राहून गाडी हाणली. काटा शून्यावर बसला. इंजिनातून बारीक ठकठक येऊ लागली, मग ती मोठी झाली, आणि भर उन्हात, उघड्या माळावर, एकदा करकरून गाडी जागीच थांबली. बेअरिंगं जळाली होती.

एका धनगरानं वाडीवरून बैलगाडी आणून दिली. ते तिघे तिच्यातून गेले. मी त्या माळावर गाडीजवळ बसून राहिलो. देवाला काय मागावं तेही सुचत नव्हतं.

ते सांगोल्याला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मूल जगलं, मुलगी. आई गेली. दुपारी पोचले असते तर वाचली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मालकांनी मला एका शब्दानंही विचारलं नाही. वडिलांना मी खरं सांगितलं नाही. त्यांनी ते ओळखलं असावं, पण तेही बोलले नाहीत. नात आजोळीच वाढली. मालकांनी दुसरी गाडी घेतली आणि मलाच ठेवलं. मुलीला शाळेत न्यायचं काम माझ्याकडे आलं. ती माझ्या शेजारीच बसायची, मला मामा म्हणायची.

सात वर्षांची असताना एकदा तिनं विचारलं, "मामा, त्या दिवशी गाडी का बंद पडली हो?"

मी समोर रस्त्याकडे बघत म्हणालो, "म्हातारी झाली होती, बाळ."

 ती म्हणाली, "मग तिचा काय दोष?"