फुकटच्या वकीलबाई

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी आम्ही मायलेकी एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. बाबा गेल्यावर आईने त्याच खोलीत शिलाई मशीन मांडली आणि ब्लाऊज, गणवेश, जे येईल ते शिवू लागली. बरीच वर्षं सुरळीत गेली. मग दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात घरमालकांच्या पुतण्याला तिथे किराणा दुकान टाकायची हुक्की आली आणि आमच्या दारात कोर्टाचं समन्स आलं. खोली राहायला दिली होती, बाईने आम्हाला न विचारता धंदा सुरू केला, तेव्हा खोली खाली करून मिळावी, असा दावा होता.

आईने समन्स माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "वकील कुठून आणाव आता?" एवढंच म्हणाली.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "गरिबाले कोर्टच वकील देते. वर्ध्याले जाऊन विचार तरी."

मी तलाठ्याकडे खेटे घालून उत्पन्नाचा दाखला मिळवला आणि आम्ही सकाळच्या पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. कोर्टातच विधी सेवेचं ऑफिस होतं. तिथल्या बाबूने दाखला न बघताच परत केला. "बाईमाणसाले हा लागतच नाई. अर्ज भरा अन् सही करा."

आम्हाला मिळालेल्या वकीलबाई माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या होत्या. लुनावरून यायच्या. त्यांना पाहून आई माझ्या कानाशी लागली, "हे तर लेकरू हाय. फुकटचं म्हणून असं देते का?"

आईचं कुजबुजणं नेहमीच ओसरीपर्यंत ऐकू जाई. वकीलबाई हसल्या. "मावशी, तुमच्याकडून नाही, पण सरकारकडून मला फी मिळते. काम पूर्णच करीन. आता सांगा, तुमच्याकडे शिवायला येतं कोण?"

"सारं गाव येते. घरमालकाच्या घरचं तर सारंच माझ्याकडं."

वकीलबाईंचा पेन थांबला. "घरमालकांचं?"

"त्याईचे सदरे, लेंगे, पोरीचे ब्लाऊज. काऊन, त्यात काही चुकलं का?"

"काही नाही चुकलं," त्या म्हणाल्या आणि भराभर लिहू लागल्या.

साक्षीच्या दिवशी घरमालक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आले. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो. माणूस तसा सरळ. पुतण्याच्या हट्टापायी कोर्टात उभा राहिलेला.

वकीलबाईंनी विचारलं, "या बाई शिवणकाम करतात, हे तुम्हाला कधी कळलं?"

"मागल्या वर्षी."

"आज घातलेला सदरा कुठे शिवला?"

काकाजींनी सदऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "इच्याचकडं."

"आणि आधीचे?"

"इच्याचकडं. हिनं मशीन घेतल्यापासून दुसऱ्या टेलरकडं गेलोच नाई."

त्यांचे वकील छताकडे बघू लागले. न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला. आईने मात्र मान डोलावली, कुणीतरी तिच्या कामाची तारीफ केल्यासारखी.

परतीच्या गाडीत काकाजी समोरच्याच बाकावर होते. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "पोरीच्या लग्नाचे ब्लाऊज टाकाचे होते. केस चालू हाय म्हणून थांबलो."

"टाका ना," आई म्हणाली. "केस तिकडं कोर्टात. पोरीले काऊन ताटकळत ठेवता?"

पुढे दोन-तीन तारखा झाल्या आणि दावा फेटाळला गेला. पुतण्याने बसस्टँडजवळ गाळा घेतला. तिथे त्याचं दुकान चांगलं चाललं. आईने वकीलबाईंना एक ब्लाऊज शिवून द्यायचा खूप आग्रह धरला. पक्षकाराकडून काही घेता येत नाही, असं त्यांनी परोपरीने सांगितलं.

"मंग चहा तरी?" आईने विचारलं.

चहा चालेल, म्हणाल्या. कोर्टासमोरच्या टपरीवर आम्ही तिघींनी भजी पण खाल्ली.