‘होमली’चा मी सांगितलेला अर्थ

या आठवड्यापर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडून निघाली नव्हती. बायकोजवळ नाही, देवासमोरही नाही. आता दोन माणसांना सांगून झाली आहे, म्हणून तुम्हालाही सांगतो — सगळी सांगतो, कारण अर्धी सांगितली तर ती पुन्हा खोटीच होईल.

मी ऑफिसात हिशेब तपासतो. बेरीज वरून खाली केली की खालून वर करून बघतो, मगच सही. त्यामुळे मालाडच्या आमच्या चाळीत माझ्या शब्दाला वजन आहे. कोणाकडे इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो. शिवाय माझ्याकडे डिक्शनरी आहे — फोर्टात जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळालेली, जाडजूड, विलायतेत छापलेली. माणूस दिसतो कसा, वस्तू दिसते कशी, हे सांगणारे जुने शब्द मी त्यात हौसेने शोधायचो. ‘स्पीशस’ म्हणजे पूर्वी नुसतं देखणं. पुढे त्याचाच अर्थ झाला, वरून देखणं आणि आतून फसवं. असं काही सापडलं की मी जेवताना बायकोला ऐकवायचो. सुमती आमटी वाढता वाढता ‘हं’ म्हणायची.

हे सगळं कशाला सांगतोय? मुद्द्यावर यायला जड जातंय म्हणून. येतो.

आमच्या शेजारी भाऊ सामंत राहायचे. वेंगुर्ल्याकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. मुलगी इंदू, एकुलती एक. तिला बघायला अंधेरीची मंडळी आली — मुलगा, त्याची आई आणि काका. काकांची नोकरी दिल्लीला झालेली, बोलण्यात इंग्रजी पेरायची सवय. पोहे झाले, चहा झाला. जिना उतरताना काका भाऊंना म्हणाले, “मुलगी होमली आहे हो, अगदी होमली.” आणि हसले.

ते हसणं भाऊंना कळेना. मंडळी गेल्याबरोबर ते आमच्याकडे आले. मागोमाग गॅलरीतली चार माणसं आली.

“ह्याचो अर्थ काय ओ?” भाऊंनी विचारलं. “बरो की वायट?”

मी तोंड उघडायच्या आत सुमती स्वयंपाकाच्या ओट्यावरून म्हणाली, “होम म्हणजे घर ना? मग घरगुती म्हणाले असतील. घर सांभाळणारी.”

मी हसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, “इंग्रजी इतकं सोपं असतं तर मराठी चौथीवर तूच साहेब झाली असतीस.” लोकही हसले. सुमती पुन्हा ओट्याकडे वळली.

मग मी डिक्शनरी उघडली. पहिला अर्थ काय होता? घरचा, घरगुती, साधा. सुमती म्हणाली होती तोच, अगदी तोच. मी तो वाचला. मनात वाचला — आणि चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. नजर खाली सरकली. शेवटी होतं: माणसाच्या रूपाबद्दल म्हटल्यास, दिसायला सामान्य, सुंदर नव्हे.

मी तो अर्थ मोठ्याने वाचला. तेवढाच.

चूक म्हणू का तिला? चूक म्हणजे न दिसलेला आकडा. मला दोन्ही दिसले होते. बायको बरोबर ठरू नये म्हणून मी एक झाकला.

मुलीला नावं ठेवली म्हणून भाऊ उठून उभे राहिले. मग म्हणाले, “माझ्या घरात बसान, माझे फोव खावन माझ्या चेडवाक नावां ठेवतत?” मध्यस्थाकडे त्याच दिवशी नकार गेला. इंदू आमच्या दाराबाहेर उभी होती. रिकामे कप परत द्यायला आली होती, आमच्याकडचे दोन उसने घेतलेले. तिने सगळं ऐकलं.

थांबवता आलं असतं. नंतरही आलं असतं. त्या काकांना नकाराचं कारण कळेना म्हणून ते स्वतः पुन्हा आले. भाऊंनी दार लावून घेतलं. जिन्यात त्यांनी मला गाठलं. म्हणाले, “आम्हाला मुलगी पसंत होती हो. आमचं काही चुकलं का?” मी म्हणालो, मला कल्पना नाही.

त्या मुलाचं पुढे दुसरीकडे लग्न झालं. इंदू नंतर कोणासमोर बसली नाही. भाऊ स्थळं आणायचे, आणि ती म्हणायची, “मला बघून काय करायचंय, बाबा? पुस्तकात छापलंय ना.” ती शाळेत शिकवायला लागली. भाऊ गेले. आता ती त्या खोलीत एकटी राहते.

गेल्या आठवड्यात चाळीच्या सत्यनारायणाला फोटोवाला आला होता. सगळे ओळीत बसले. इंदू उठली आणि मुलांच्या चपला गोळा करत फोटोवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिली. कोणी बोलावलंही नाही तिला — सवयीचं झालंय सगळ्यांच्या. मी ओळीत मधोमध बसलो होतो. तिथेच ठरवलं.

रविवारी तिच्याकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं: तो शब्द, पहिला अर्थ, मी लपवलेला, आणि जिन्यातलं. बाकी काही जोडलं नाही. ती भिंतीकडे बघत होती. मग तिने एवढंच विचारलं, “काका, काकूंना माहीत आहे?”

मी नाही म्हणालो.

“मग त्यांना सांगा. त्या बरोबर होत्या.”

घरी आलो. सुमती तांदूळ निवडत होती. समोर बसलो आणि तिलाही सांगितलं, पहिल्यापासून. तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, “म्हणजे पोरगी इतकी वर्षं स्वतःला कुरूप समजत बसली? तुम्ही मला हसलात, त्यापायी?”

हो, म्हणालो.

ताट बाजूला सारून ती उठली, पदर सारखा केला आणि इंदूच्या खोलीत गेली. दार आतून लागलं. मी बाहेर उभा राहिलो नाही. मला तिथे उभं राहायचा हक्क नव्हता.