चार किलो पत्रा आणि खुलताबादचा घाट

आईचं ड्रायव्हिंग लायसन्स शुक्रवारी संपत होतं. नवं काढायला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्या डॉक्टरांनी तिचे गुडघे बघून पेनाला टोपण लावलं होतं. म्हणजे आमची जुनी बीटल तिला एकदा शेवटची चालवायची तर शुक्रवारपर्यंत. अडचण एवढीच, की गाडी दोन वर्षं दारात बंद उभी होती. इंजिन जाम. म्हणून सोमवारी आम्ही दोघी वैजापूरहून छत्रपती संभाजीनगरला निघालो. लोक तिकडे लेणी बघायला जातात, आम्ही पिस्टन बघायला गेलो.

आई निवृत्त नर्स. ही गाडी तिनं जुनीच घेतली आणि वीस वर्षं खेडोपाडी बाळंतपणांना पळवली. मी शाळेत विज्ञान शिकवते. बीटलचं इंजिन मागे असतं आणि ते पाण्यानं नाही, हवेनं गार होतं. हे वाक्य मी या प्रवासात निदान चाळीस जणांना ऐकवलं. सगळ्यांनी मान डोलावून विचारलं, "मग पाणी कुठं टाकायचं?"

कुणाला अशी गाडी न्यायची असेल तर सांगते: बाजार समितीत माल उतरवून रिकामा परतणारा टेम्पो गाठा. भाडं निम्म्यावर येतं, आम्हाला साडेतीन हजार पडले. लासूरला भजी खाताना ड्रायव्हर गाडीकडे बघत म्हणाला, "इंजिन माघं अन् डिक्की म्होरं? उलटी बसवली काय?"

"तू सरळ चालव," आई म्हणाली.

क्रांती चौकातून दोन वळणं घेतली की एका गल्लीत रशीदचाचांचं गॅरेज आहे. वय आईएवढंच. त्यांची एक रीत आहे: इंजिन ते उघडतात, पण सुटे भाग रॉकेलमध्ये मालकानं स्वतः धुवायचे. "जो धोता, उसकोच समझता," एवढंच ते म्हणाले. मजुरीही वाचते, त्यामुळे मी वाद घातला नाही. आईनं फडकं पसरून धुतलेला एकेक भाग ऑपरेशनच्या ट्रेसारखा ओळीनं मांडला. चाचांनी त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं आणि गॅरेजच्या पोऱ्याला न सांगता स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची आणली.

"जळालं ते माझ्या हातानं," आई त्यांना म्हणाली. "शिऊरहून येताना दुसऱ्या गिअरमधी लई ताणली. हात गेला माझा."

हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत होते. त्या दिवसापासून तिनं कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग धरलं नव्हतं. शेजाऱ्यांनी त्यांची देऊ केली तरी नाही. बाजारात पायी जायची, त्या गुडघ्यांवर.

संध्याकाळी आई लॉजवर पाठ टेकायला गेली तेव्हा चाचांनी मला बोलावलं. "मॅडम, इंजिनावरचे पत्रे कुठायत?"

पत्रे मी काढले होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत, शिऊरच्या त्या खेपेच्या थोडं आधी. गंजले होते, आणि इंजिन हवेवर गार होतं तर त्याला हवा मोकळी मिळू दे, असा शास्त्रीय विचार केला होता. चार किलो भरले. भंगारवाल्यानं शंभर रुपये दिले. मी नववीला उष्णतेचं संक्रमण शिकवते.

चाचांनी कपाळाला हात लावला नाही, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "पंखा हवा फेकतो. पत्रे ती हवा सिलेंडरवर नेतात. तुम्ही हवेचा रस्ताच विकला. सिस्टरबाईंचा हात एकदम बराबर होता." मग हात पुसत, "तुम्ही सांगा त्यांना. खुलताबादचा घाट चढायच्या आत. नायतर मी सांगतो."

मी हो म्हटलं आणि मंगळवारी सांगितलं नाही. बुधवारीही नाही.

तसं कामही खूप होतं. सिलेंडर लेथवर बोअर करून एक माप मोठे पिस्टन बसवले, थोडी ताकद वाढेल म्हणून. तेल गार करायला एका मोडीत निघालेल्या मोटरसायकलची जाळी मिळाली. नवे पत्रे बाहेरून मागवायचे तर महिना लागला असता. चाचांनी मला कूलर बनवणाऱ्या एका कारागिराकडे पाठवलं. त्यानं कूलरच्याच पत्र्यातून, पुठ्ठ्याच्या मापावर, दीड दिवसात सगळं आवरण ठोकून दिलं. अठराशे रुपये. "पाण्याची टाकी कुठं बसवू?" त्यानं विचारलं. सगळं मिळून अडतीस हजारांत बसलं, दोन वेळच्या नान-खलियासकट.

शुक्रवारी सकाळी इंजिन दुसऱ्या खेपेला सुरू झालं. चाचांचा नियम: नवं इंजिन पहिल्यांदा खुलताबादचा घाट चढतं, मगच घरी जातं. आई उजवीकडे, मी डावीकडे. चाचा खिडकीशी वाकून माझ्याकडे बघत होते. आईला फक्त एवढंच म्हणाले, "सिस्टरबाई, वर गेल्यावर तेल मोजायची काडी हातात धरा. धरवली तर गाडी तुमची, नाय धरवली तर माझी."

दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून जातो. एका वेळी एकच बस मावते आणि दोन घुसतात. पाऊण तास आम्ही तिथं अडकलो, इंजिन चालू. सीताफळं विकणारी बाई खिडकीशी येऊन म्हणाली, "गाडी तापन बाई, पाणी टाका." आईनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "परत जळतंय बघ माझ्या हातून," ती म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. पत्रे, भंगारवाला, शंभर रुपये, सगळं एका दमात. बस निघाली. आईनं पहिला गिअर टाकला.

घाटभर ती इतक्या सफाईनं गिअर बदलत होती, की मला रडू आलं आणि मी ते दौलताबादच्या धुळीवर ढकललं. वर खुलताबादच्या वेशीशी तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली, मागचं झाकण उघडून काडी काढली आणि पुसून मुठीत धरली. धरून उभी राहिली. मी मनात वीस मोजले.

"कोमट हाय," ती म्हणाली. मग काडी जागेवर ठेवत, "दोन वर्षं मी पायी गेले व्हय गं?"

मी म्हटलं, "हो."

"लई चालले."

देवगाव रंगारीवरून चार वाजता वैजापुरात आलो. आमची गल्ली आली तशी गेली. आईनं वळवलीच नाही. मी विचारलं, कुठं? तिनं गिअर बदलला. शिऊरपर्यंत गेली, परत आली, मग गंगापूरच्या रस्त्याला लागली. मी वाटेत पेट्रोल भरलं. अंधार पडायला लागला तेव्हा तिनं गाडी दारात उभी केली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. रागानं नाही, प्रेमानंही नाही. ड्यूटी बदलताना देतात तशी.

आता गाडी मी चालवते, इंजिन घड्याळासारखं आहे. आई रोज सकाळी पायी बाजारात जाते. मी दारात गाडी सुरू करून उभी राहते, तर म्हणते, "तू शाळेला जा." तुमच्याकडे असं इंजिन असेल तर पत्रे काढू नका. आणि काढलेच असतील, तर घरच्या माणसाला त्याच दिवशी सांगा.